‘झील’ची स्लाइड

पाचचा कार्यक्रम सुरू व्हायला चार मिनिटं होती आणि स्क्रीनवर निळंशार तळं चमकत होतं. कडेला कमळं, मागे डोंगर, मधोमध कवितेचं नाव: ‘झील’. मी स्लाइड शेवटची तपासायला उघडली आणि दरदरून घाम फुटला.

अहो, आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा. पोटचा मुलगा!

माझं काम आधी सांगतो. मी कोकणात तळेऱ्याला घरी बसून ऑनलाइन काव्यवाचनं चालवतो. कुणाचा माइक चालू, कुणाचा म्यूट, कुठली स्लाइड कधी, सगळं माझ्या बोटावर. लिंकवर आलेली माणसं आधी वेटिंग रूममध्ये थांबतात, म्हणजे दवाखान्याबाहेरचा बाकच. मी आत घेईन तेव्हा आत. नियम एकच, ऑपरेटरने तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी चार कवी होते. तिघं मुरलेले, दर आठवड्याला कुठे ना कुठे ऑनलाइन. एकाच्या मागचं पुस्तकांचं कपाट तर मला पाठ झालं होतं. चौथ्या वेंगुर्ल्याच्या हमीदाबाय. काजूच्या फॅक्टरीत तीस वर्षं काढलेल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. पुण्याचे एक प्रकाशक ऐकायला बसणार होते आणि चौघांतल्या एकाचं पुस्तक काढणार होते. बाकीच्यांची पुस्तकं होतीच. ट्रायलच्या दिवशी बाय म्हणाल्या होत्या, “माका दुसरी खेप गावची नाय रे.” म्हणजे, अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

स्लाइड पुण्याच्या डिझायनरने केलेली. त्याला हिंदीतली झील आठवली, त्याने तळं टाकलं. त्याला काय बोलणार? फाइल दोन दिवस आधी माझ्याकडे आली होती आणि मी मोबाइलवर बघून ‘ओके’ कळवलं होतं. माझी आवस, म्हणजे आई, मला आजही “झिला” म्हणून हाक मारते, आणि मी तळं बघून ओके म्हणालो! मेल पुण्याचा आला की मीही तेवढ्यापुरता पुण्याचा होतो. स्वतःचीच लाज वाटली.

आयोजक सरांना फोन लावला.

“सर, स्लाइड चुकलीय. झील म्हणजे मुलगा.”

“आता सांगताय? निवेदिकेने निवेदन पाण्यावर लिहिलंय. तिला आता गोंधळात टाकू नका.”

“पण सर, अर्थच...”

“कवितेत दोन अर्थ चालतात हो. आणि ओके तुम्हीच दिलंत ना?”

फोन बंद. तळं मी काढून टाकलं, पण निवेदन माझ्या हातात नव्हतं. तिघांचं वाचन होईपर्यंत मी खुर्चीत धड बसलो नाही. उठतोय, पाणी पितोय, पुन्हा बसतोय. त्या नादात कपाटवाल्या कवीला ऐन कडव्यात म्यूट केलं. ते बिचारे हातवारे करत राहिले.

मग निवेदिका म्हणाली, “आता ऐकू या, कोकणातल्या आटत चाललेल्या तळ्यांची व्यथा!”

बायनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. “ही तळ्याची नाय गो,” त्या निवेदिकेला म्हणाल्या.

“हो हो, रूपक आहे. फार सुंदर.”

बायनी हातातल्या कागदाची घडी घातली. एक, मग दुसरी. कागद एकदा पिशवीत गेला की संपलं. मी माझा माइक चालू केला.

“माफ करा, मी ऑपरेटर. चूक माझी आहे. मालवणीत झील म्हणजे मुलगा. स्लाइड मी न वाचता पास केली. हमीदाबाय, तुमी वाचा.”

बाय कॅमेऱ्यात डोळे बारीक करून बघायला लागल्या. “तू खंयचो रे?”

“तळेऱ्याचो.”

“आणि तुका झील म्हणजे काय ता ठावक नाय? शाबास मेल्या!”

लोक हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बायनी कागद उलगडला होता.

“झील बोटीर गेलो,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सां फोन नाय. त्येची आसा ही.” आणि वाचायला लागल्या.

“झील सांगान गेलो, फाल्या येतंय.
फाल्याचो दिस इलो नि गेलो,
चुलीर भात तसोच आसा.”

फाल्या म्हणजे उद्या, हे कुणी विचारलं नाही.

प्रकाशकांनी पुस्तक बायचंच घेतलं. आयोजकांनी पुढच्या कार्यक्रमाला दुसरा ऑपरेटर घेतला, न बोलणारा. नियम नियम असतो, तक्रार नाही. मी मात्र आता ओके लिहिण्याआधी प्रत्येक कविता मोठ्याने वाचतो. बायको दार लावून घेते.

महिन्याभराने हमीदाबायचा फोन आला. पुस्तकाचं कव्हर तयार झालं होतं आणि त्यांनी ते मला पाठवलं होतं.

“बघून सांग माका, बरा आसा काय ता,” त्या म्हणाल्या. “आणि झिला, ह्या खेपेक वाचून बघ.”