भिंतीपलीकडचा गणपती

पूर्णा गावात केसरीनाथांचा बंगला आणि शेजारचं जुनं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अलीकडे केसरीनाथांची बायको कमळ, पलीकडे तिची धाकटी जाऊ रंगूबाई. भाद्रपदात पलीकडे आरती सुरू झाली की झांजांच्या ठेक्यावर कमळच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. कमळ लगबगीने येऊन ते हाताने धरून ठेवायची. राग काढायला समोर माणूस लागतं, पेल्यांवर काय काढणार?

गणपती खरं तर दोन्ही घरांचा, सासऱ्यांनी बसवलेला. भाऊ वेगळे झाले तेव्हा जुनं घर धाकट्या महादूकडे गेलं आणि देवाची जागा हलवायची नसते म्हणून देव तिथेच राहिला. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. केसरीनाथ पाट डोक्यावर घेऊन मूर्ती आणायचे, विसर्जनालाही तेच न्यायचे, आणि महादू मागून झांजा कुटायचा. मग भाताची शेतं गेली, गोदामं आली, आणि ज्या भावांनी जन्मभर एका तंबाखूच्या पुडीत भागवलं त्यांना कंटेनर वळण्यापुरती वाट पुरेनाशी झाली. कमळचा मनोज आणि महादूचा भावेश एकमेकांच्या अंगावर गेले. एकाचं डोकं फुटलं, दुसऱ्याचा दात पडला, केस कोर्टात उभी राहिली आणि येणंजाणं बंद झालं.

आपला वेगळा गणपती बसवा, असं गावाने सांगून पाहिलं. गावाला सल्ला द्यायला काय जातं! केसरीनाथ म्हणाले, "बापाचा देव येकच. त्याचं दोन कशे करायचं?"

मागच्या पावसाळ्यात केसरीनाथांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. डॉक्टरांनी मनोजला बाजूला नेऊन जे सांगितलं ते कमळला त्याच्या तोंडावरूनच कळलं. तेव्हापासून केसरीनाथांचं मागणं एकच राहिलं. श्रावण लागला तसे ते डाव्या हाताचं बोट भिंतीकडे करायचे आणि मोठ्या कष्टाने म्हणायचे, "गनपती."

"बगू," कमळ म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

बंगल्याचा वरचा मजला मनोजने भाड्याने दिला होता. तिथे पावेल, त्याची बायको लेन्का आणि त्यांची सात वर्षांची एवा असं बिऱ्हाड होतं. पावेल गोदामांत माल वाहणारे पट्टे बसवायला आलेला इंजिनियर. ते होते युरोपातल्या चेक देशाचे, पण गावाने त्यांना अमेरिकावाले ठरवून टाकलं होतं आणि गावाचं एकदा ठरलं की ठरलं. कंपनीने ठाण्यात फ्लॅट देऊ केला होता. तो सोडून ही बाई कंटेनरच्या धुळीत राहायला का आली, हे कमळला शेवटपर्यंत कळलं नाही. लेन्का दिवसातून दोनदा गॅलरी पुसायची आणि दोन्ही वेळा फडकं काळं निघालं की नवल वाटल्यासारखी बघायची. वीज गेली की मेणबत्त्या लावून बसायची. जणू तोही एक सणच.

आणि सणांचं तर तिला वेडच लागलं. होळीला तिने गावच्या बायकांबरोबर फेर धरला. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळला, आणि हे सात जन्मांसाठी असतं असं कळल्यावर पावेलचा चेहरा पडला तो गल्लीने आठवडाभर चघळला. तिला कोणत्याही दारात आडकाठी नव्हती. इकडे चहा पिऊन ती तिकडे रंगूबाईच्या ओटीवर चकली खायला बसायची. दोन्ही घरं भावांची आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या गावाचं आडनाव एक, त्यात काय कळणार? आणि घरातलं भांडण पाहुण्यांपुढे मांडायची लाज दोन्हीकडे सारखीच होती. लेन्काचं हिंदी मोडकंतोडकं, पण एवा गल्लीतल्या पोरांत राहून अस्सल गाववाली झाली होती. आईचं बोलणं तीच खाली पोचवायची, "आय बोलतंय, पानी न्हाय आयला."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लेन्का नऊवारी हातात घेऊन खाली आली. रंगूबाईने तिला गणपतीचं आमंत्रण दिलं होतं. आदल्या दिवशीच नेसून बघायला मात्र ती कमळकडे आली. कमळने मुकाट्याने कासोटा घातला. ज्या घरात आपल्याला मज्जाव, तिथे जायला दुसरीला नटवायचं, असाही दिवस आला होता.

पलंगावरून केसरीनाथ बघत होते. त्यांनी लेन्काकडे बोट केलं, मग भिंतीकडे. "गन... पती."

एवाने लगेच आईला सांगितलं, "आजोबाला गनपती बगाचा हाय." लेन्का हसून म्हणाली, "तो चलो ना! कुर्सी है." त्यांची चाकाची खुर्ची कोपऱ्यात होती आणि पलीकडचं दार तर हाकेच्या अंतरावर. तिला यात अवघड असं काहीच दिसेना. कमळने "नंतर, नंतर" करून विषय मिटवला.

"मग काय घेऊन जाऊ?" लेन्काने विचारलं. तिच्या देशात कुणी कुणाकडे रिकाम्या हाताने जात नसे. ती केक नेणार होती. तेव्हा कमळच्या तोंडून निघून गेलं, "केक नको. मी देतंय."

सकाळी तिने उकड काढली. नारळ खवला, गूळ घातला, मोदक वळायला बसली. हा मोदक वळायला तिला आणि रंगूबाईला सासूने एकाच ओट्यावर बसवून शिकवलं होतं. कळ्या बारीक, आणि शेंडी हलकेच डावीकडे मोडलेली. गावात असा मोदक दोघींशिवाय कुणाच्या हातचा नाही. रंगू हात ओळखणारच, यात शंका नव्हती. ओळखून तिने ताट देवापुढे ठेवलं, तर संध्याकाळी ह्यांना खुर्चीत घालून सरळ तिच्या दारात न्यायचं, मग मनोजला काय थयथयाट करायचा तो करू दे, असं कमळने ठरवलं. ह्याच मनोजला तान्हा असताना, कमळ तापाने फणफणली होती तेव्हा, रंगूबाईने आपल्या भावेशबरोबर अंगावर पाजलं होतं. इतकं सगळं एका वाटेपायी पुसून जातं का? नाही जात, असं कमळने स्वतःला चारदा समजावलं.

मोदकांवर केळीचं पान झाकून तिने ताट लेन्काच्या हातात दिलं आणि केसरीनाथांना सांगितलं, "रंगूकडे निवद धाडलाय." त्यांच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं. आता ताटाची वाट दोघं मिळून बघू लागले.

आरती झाली. पेले किणकिणले. कमळने ते धरले नाहीत.

लेन्का परत आली ती नुसती फुलून. पुढे एवा, तिच्या हातात ताट. ताट लख्ख घासलेलं, पुसलेलं आणि रिकामं.

"बाप्पापुढे ठेवला?" कमळने एवाला हळूच विचारलं.

"न्हाय. काकीने पान उघडला, बगितला, आनि गायला दिला. सगला! गाय खुश!"

लेन्का हात जोडून म्हणाली, "भगवान से पहले गाय. बहोत सुंदर." देवाच्या आधी गायीला घास द्यायची ही काय थोर रीत, असं तिला वाटलं होतं. वर ताट घासूनही दिलं, केवढी माणुसकी!

कमळ त्या ताटाकडे बघत राहिली. ह्या मुलखात कुणाचंही ताट रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन तांदळाचे दाणे, पण काहीतरी घालूनच देतात. घासून पुसून रिकामं परत आलं, म्हणजे पुन्हा पाठवू नको, आमचं तुमचं संपलं. कमळला रंगूबाईचा इतका संताप आला की भिंतीवर डोकं आपटावं, तिचं नाही तर आपलं. मग संताप गेला आणि नुसतं रिकामं वाटू लागलं. तिने लेन्काच्या गालावरून हात फिरवला. "बरा झाला, बाय," ती म्हणाली. ह्या पोरीला सांगून काय उपयोग? तिचा आनंद तरी कशाला नासवायचा?

आत केसरीनाथ मान उचलून बसले होते.

"घेतला," कमळ म्हणाली. "रंगूने निवद घेतला."

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. जीभ आपोआप वळली, आणि वळली ती वळलीच. केसरीनाथांना आता दम निघेना. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीकडे बोट करू लागले. कमळने सांगितलं, पाऊस आहे. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तिकडे पाहुण्यांची गर्दी आहे. गौरी आल्या, जेवल्या, तरी कमळची कारणं संपली नाहीत. ते मात्र तिच्यावर विश्वास ठेवून थांबत होते, आणि हेच तिला सोसवत नव्हतं. एकदा तोंड उघडून सांगावं, असं तिने कितीदा मनात आणलं. पण सांगितल्यावर त्या माणसाकडे उरणार काय होतं?

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुपारी केसरीनाथांनी मनोजकडून दाढी करून घेतली. पांढरी टोपी मागितली. मनोज ड्युटीला निघून गेला आणि लेन्का नऊवारीत खाली उतरली, ह्या खेपेला स्वतःच नेसलेली, निऱ्या सगळ्या एका बाजूला. टोपी घातलेल्या केसरीनाथांना बघून तिने कुणाला काही विचारलं नाही. पावेलला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची फाटकाबाहेर गल्लीत आणली. कमळ दारात उभी होती. थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर, तिलाही वाटत होतं की समोरासमोर आल्यावर महादूच्याने राहवणार नाही. भाऊ आहे, दगड तर नाही. खाडीची वाट ह्याच दारावरून जाते, मूर्ती इथूनच जाणार.

ढोल सुरू झाला. पलीकडच्या फाटकातून पोरं नाचत बाहेर पडली. मागून महादू आला, डोक्यावर पाट, पाटावर मूर्ती. बाहेर पाऊल टाकताच त्याची नजर खुर्चीवर पडली. तो थबकला. त्याच्या मागे ताम्हन घेतलेली रंगूबाईही थबकली. केसरीनाथांनी डावा हात कसाबसा छातीपर्यंत आणला. एका हाताने जोडता येतील तेवढे हात त्यांनी जोडले. ढोलवाले वाजवता वाजवता मंदावले.

महादूने मान खाली घातली आणि तो उलट्या दिशेला वळला.

तिकडून खाडीला जायचं तर सगळी गोदामं फिरून जावं लागतं. नाचणारी पोरं गोंधळली, मग तीही वळली. केसरीनाथांना दिसला तो मूर्तीचा एक कान, अर्धी सोंड, आणि मग नुसती पाठ. गणपतीची पाठ बघू नये म्हणतात, पाठीशी दारिद्र्य असतं म्हणतात. कमळला ते आठवलं आणि तिने त्यांचे डोळे झाकायला हात पुढे केला. पण ते इतकं टक लावून बघत होते की तिचा हात अर्ध्यातच राहिला.

"पुढच्या वर्षी लवकर या!" सगळ्यांबरोबर एवा ओरडली. लेन्का टाळ्या वाजवत होती. तिने केसरीनाथांच्या गालावरचे ओघळ पाहिले आणि कमळचा दंड घट्ट धरला. "देखा! खुशी के आँसू," ती म्हणाली.

गर्दी कंटेनरांच्या रांगेपाशी पोचली. तिथे महादूचा गुडघा जरा लचकला, पाट डुलला, भावेशने पुढे होऊन सावरला. केसरीनाथांचा डावा हातही खुर्चीतून तसाच वर उचलला गेला. वर्षभरात तोंडातून धड वाक्य न निघालेला माणूस स्पष्ट बोलला, "म्हादू थकला."

एवाने कान टवकारले. आजोबा इतकं नीट बोललेले तिने प्रथमच ऐकलं. पलीकडच्या काकांना ती मिशीवाले काका म्हणायची, त्यांचं नाव तिला माहीत नव्हतं.

"म्हादू कोन?" तिने कमळला विचारलं.

लेन्काही वाट बघत उभी राहिली. केसरीनाथ कमळकडे बघत होते.

"कोन न्हाय, बाय," कमळ म्हणाली. "शेजारी हाय."

तिने खुर्चीच्या मुठी धरल्या, खुर्ची वळवली आणि त्यांना घरात घेऊन गेली.