लाल रेघ किती पुढे गेली

"त्याला जरा विचार करू दे," असं म्हणून ते हात मागे बांधून टीव्हीसमोर उभे राहायचे. पडद्यावर ते गोल चक्र फिरत असायचं आणि आपण उतावीळपणे दिसेल ते बटण दाबत असायचो. मग ते आपल्या हातातून रिमोट काढून घ्यायचे आणि सरळ स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. "आपण मधेमधे बोललो की ते गोंधळतं, ताई." चित्र आलं की रिमोट परत मिळायचा, त्याआधी नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या अंगाला आमची इमारत आहे. तिथे ते कितीतरी वर्षं केबलचे माणूस होते. या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर ओढायची, कावळ्यांनी टोचलेली, माकडांनी तोडलेली वायर जोडायची, हे त्यांचं काम. मग लोकांनी केबल काढून टाकली, मालकाने धंदा गुंडाळला आणि पन्नाशी उलटल्यावर हे गृहस्थ इंटरनेटवरचा टीव्ही जोडून द्यायला शिकले. कसे शिकले ते त्यांनाच ठाऊक. स्वतःच्या खिशात मात्र शेवटपर्यंत बटणांचा साधा फोन होता.

आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. मी नोकरीतून निवृत्त झालेली, बाबा चौऱ्याऐंशीचे आणि कानाने अधू. टीव्हीच्या मागे खुपसायच्या त्या स्टिकला बाबा 'काडी' म्हणत. ती काडी बसवायला हे आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मेल आयडी आहे का?"

"आहे. पासवर्ड आठवत नाही."

"कोणालाच आठवत नाही," ते समाधानाने म्हणाले. "मग माझाच टाकतो."

आणि रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतःचं खातं आमच्या टीव्हीवर उघडून दिलं. हे खातं त्यांच्या पुतणीने कधीतरी काढून दिलेलं होतं. पासवर्ड होता बायकोचं माहेरचं नाव. "एवढा एकच पाठ आहे मला," म्हणाले. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की हे बरं नाही. पण चित्र आलं होतं, बाबांना क्रिकेट दिसत होतं, आणि फुकटच्या अॅपला कोणाचं का खातं असेना, असा मी विचार केला.

पुढे आठवडाभरातच माझ्या लक्षात आलं की आमचा टीव्ही आमचा राहिलेला नाही. तो उघडला की वर एक ओळ यायची, 'पुढे बघत राहा'. त्यात सुक्या बोंबलाचं कालवण, पेटीवादनाचे धडे, कुठल्यातरी महाराजांचं कीर्तन आणि लाल मातीतल्या कुस्त्या. प्रत्येक चित्राखाली एक लाल रेघ. तो कार्यक्रम जेवढा बघून झाला तेवढी ती पुढे सरकलेली. आमच्या घरात कुस्त्या कोण बघतं? मी त्यांना फोन करून फैलावर घेतलं, तर हे हसायला लागले. सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी ते एकच खातं घालून दिलं होतं. जे एकाने बघितलं ते सगळ्यांकडे दिसायचं.

"कुस्त्या तुमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या मुख्याध्यापकीणबाईंच्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोणाला सांगू नका."

मी अर्थातच दोघीतिघींना सांगितलं.

खातं बदलून द्या म्हणून मी मागे लागले. ते हो हो म्हणत आणि काही करत नसत. उलट काहीतरी निमित्त काढून दोनचार दिवसांनी दुपारचे यायला लागले. वायर बघतो, रिमोटचे सेल बघतो. टीव्ही लावायचे, ती ओळ पुढे ओढत न्यायचे आणि एका काळपट चित्राशी थांबून निरखत राहायचे. एकदा मी विचारलंच, "एवढं काय बघता त्यात?"

"रेघ किती पुढे गेली ते."

तो एका दशावताराचा खेळ होता. कोणीतरी जत्रेत मोबाईलवर काढलेला, चांगला पाच तासांचा, अर्धा वेळ अंधार. तो खेळ बघायची त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दिवा स्टेशनाजवळ, चौथ्या मजल्यावर त्यांची खोली. सकाळी तिचं सगळं आवरून, खाऊ घालून, खेळ पहिल्यापासून लावून ते रिमोट तिच्या डाव्या हातात द्यायचे आणि बाहेरून कुलूप घालून कामाला निघायचे. दुसरी किल्ली शेजारच्या बाईंकडे. त्या एकच्या सुमाराला जेवण भरवून जायच्या.

"फोन केला तर ती बोलू शकत नाही," ते म्हणाले. "पण टीव्ही अधूनमधून विचारतो ना, अजून बघताय का? तेव्हा बटण दाबावं लागतं, नाहीतर तो थांबतो. म्हणजे रेघ पुढे गेली की मला कळतं, हिने हात हलवला. जिथे काम असेल तिथल्या टीव्हीवर बघून घेतो."

मी पुन्हा खातं बदलायचं नाव काढलं नाही. दुसरा कोणी तो खेळ लावेल अशी शंका मलाही आली नाही. पाच तासांचा, काळोखातला, आवाज फाटलेला खेळ कोण बघत बसणार? ते आले की मी चहा टाकायची. एक कप प्यायचे, दुसरा कधी घ्यायचे नाहीत. "निघतो, वाट बघत असेल," म्हणायचे. पाचपर्यंत ते घरी पोचलेले असत.

त्या दिवशी मी बँकेत गेले होते. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून सही करून. रांग मोठी होती. परत यायला साडेतीन वाजले. बाबा आत झोपले होते. चारला हे आले.

त्यांचा चेहरा ओढलेला होता. शेजारच्या बाईंचा भाऊ वारला होता, त्या पहाटेच गावाला गेलेल्या. बायकोच्या हाताशी दहीभात ठेवून हे निघाले होते. "सकाळी एकाकडे बघितलं तर रेघ जेमतेम सरकलेली. मन लागत नाही. बघतो आणि तडक घरी जातो," म्हणाले.

टीव्ही लावला. चक्र फिरलं. रेघ अर्ध्याच्याही पुढे गेली होती.

त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले. "जागी आहे," ते म्हणाले. "आज दुपारची झोपली पण नाही. म्हणजे बरी आहे." मग खुर्चीत टेकून बसले. मी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाले, "ताई, अजून अर्धा कप आहे का?" मला केवढं बरं वाटलं. आम्ही अर्धा तास गप्पा मारल्या. बाळकुमला एका नव्या संकुलात टीव्ही जोडायचं काम तीन दिवस रखडलं होतं. "ती बरी आहे तर ते उरकूनच जातो," म्हणून ते ठाण्याच्या बाजूला गेले.

पुढचं मला दोन दिवसांनी खालच्या किराणावाल्याने सांगितलं. ते आठ वाजता घरी पोचले. बायको कॉट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडलेली होती. दहीभात तसाच. पडायला सकाळचे अकरा वाजले असावेत. पण डॉक्टर म्हणाले, जाऊन फार वेळ झाला नव्हता, तास-दीड तास. म्हणजे चार वाजता ती होती. मी चहात साखर घालत होते तेव्हा ती त्या फटीत जिवंत होती.

मग रेघ कोणी पुढे नेली, हा प्रश्न मला लगेच पडायला हवा होता. पडला नाही. उत्तरच आधी आलं. त्याच दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "अगं, तो दशावतार लाव ना. अर्धाच राहिलाय माझा."

"कधी बघितलात तुम्ही?"

"तू बँकेत गेलेलीस तेव्हा. क्रिकेट संपलं, मग हा दिसला. लहानपणी रात्र रात्र बघितलेत आम्ही."

त्यांचं बालपण कणकवलीकडचं. त्यांना टीव्हीने विचारलं होतं, अजून बघताय का, आणि त्यांनी बटण दाबलं होतं. मी ताट सारून उठले. दशावतार काही लावला नाही.

तीन आठवड्यांनी ते आले. डोक्यावर नुकतेच उगवलेले केस, मिशी काढलेली, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटेना. सगळ्या गिऱ्हाइकांची खाती वेगळी करून देत होते. घरोघरी जाऊन नवा मेल आयडी काढायचा, पासवर्ड मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यायचा. आमच्याकडे बसून तेच करता करता त्यांनी मान वर न करता विचारलं, "ताई, त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे टीव्ही चालू होता का?"

"नाही," मी म्हणाले. "मी बँकेत होते, बाबा झोपले होते."

एवढं खोटं मी आयुष्यात इतक्या झटपट कधी बोलले नव्हते.

बाबा तेवढ्यात काठी टेकत बाहेर आले. टीव्हीजवळ त्यांना पाहून खूश झाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बरं झालं आलात. तो दशावतार लावून द्या. ही लावतच नाही. मी अर्धाच बघितलाय."

त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला. मग बाबांच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "किती वाजता बघितलात, बाबा?"

"बाराला जेवलो, तेव्हापासून तीनपर्यंत," बाबा अभिमानाने म्हणाले.

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती ओळ काढली, खेळ जिथे थांबला होता तिथून लावून दिला, बाबांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला आणि खाली जमिनीवर, बाबांच्या पायाशी बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबा त्यांना कथा समजावून सांगत होते, हा संकासुर, हा राजा. ते मान डोलवत होते. एकदा मात्र उठून पडद्याजवळ गेले. मोबाईल फिरवताना बसलेल्या लोकांवर थोडा उजेड पडला होता. त्यांनी एका डोक्यावर बोट ठेवलं.

"हा माझा मेव्हणा. ह्याला बघायला ती लावायची. एवढाच दिसतो."

"मग तुम्ही घरी बघता का हे?" बाबांनी विचारलं.

"आता नाही," ते म्हणाले आणि परत येऊन बसले.

खेळ संपेपर्यंत ते बसून राहिले. मग त्यांनी आपलं खातं काढून टाकलं, बाबांचं नवं उघडून दिलं. चहा मी विचारलाच नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? ते चपला घालायला लागले तेव्हा मी दारात जाऊन म्हणाले, "मी मघाशी खोटं बोलले."

"हो," ते म्हणाले. जिना उतरायला लागले, मग थांबले. "बाबांना काही सांगू नका, ताई. त्यांना झोप लागायची नाही."

यानंतर त्यांचा फोन लागेना. माफी मागायची राहिली होती, आणि ती राहिलेली मला सहन होत नव्हती. दीडएक महिन्याने किराणावाल्याकडून पत्ता घेऊन मी दिव्याला गेले. टँकर आला होता, त्यामुळे जिना खालपासून वरपर्यंत ओला आणि बायका हंडे घेऊन चढत होत्या. चौथ्या मजल्यावर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारचं दार उघडं होतं.

"ते खोली सोडून गेले," शेजारच्या बाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "गावाला, मेव्हण्याकडे. तुम्ही कोण?"

"त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी."

त्यांनी मला आत घेतलं, बसायला स्टूल दिलं. मी न विचारताच सांगायला लागल्या. "त्या दिवशी नेमकी मी नव्हते. माझा भाऊ गेलेला. मी असते तर एक वाजता ताट घेऊन गेलेच असते, मला दिसली असती. मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं, भाऊ, माझ्यामुळे झालं. तर म्हणाले, वहिनी, तुमचा काय दोष, मीच चहा पीत बसलेलो. मी विचारलं, कुठे? कोणी बसवून ठेवलं तुम्हाला? तर नाव काढलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही." त्या रडत होत्या. "मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. असा माणूस कुठे चहा पीत बसतो का?"

मला मान हलवून उठता आलं असतं.

"माझ्या घरी बसले होते," मी म्हणाले. आणि मग बाबांचं, बँकेचं, त्यांच्याशी बोललेल्या खोट्याचं, सगळं सांगितलं. माझं बोलून झाल्यावर त्या उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, मी बाहेर पडेपर्यंत. माझ्यामागे दार लोटल्याचा आवाज आला. जोराचा नव्हता. ओल्या जिन्यावरून मी कठड्याला धरून खाली उतरले.