उकळत्या पाण्यातला माउथ ऑर्गन

माझ्या हातातून माउथ ऑर्गन परत घेताना अध्यक्षांनी तो रुमालात धरला. मग शिपायाला हाक मारली.

"संतोष, हा धुऊन आण. पाणी चांगलं उकळतं घे."

हे चिखलीच्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये घडलं. मी तिथं गणित शिकवते. स्नेहसंमेलन चार दिवसांवर होतं आणि संस्थेचे अध्यक्ष स्वतः वाजवणार होते. माउथ ऑर्गन परदेशातून आलेला. आत लाकडी पट्टी, बाजूला बटण. तालीम म्हणजे त्यांनी वाजवायचं आणि आम्ही माना डोलवायच्या. हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही, तरी सगळे नियमित करतात.

त्या दिवशी आधी संस्थेच्या वकीलसाहेबांनी, मग उपाध्यक्षांच्या जावयानं तो फुंकून पाहिला. दोन्ही वेळा अध्यक्षांनी तो सदऱ्याच्या बाहीला पुसला आणि स्वतःच्या ओठांना लावला. तिसरी मी. सुलतानपूरच्या बौद्धवस्तीतली.

मला त्या बटणाचा हेवा होता. नुसता हेवा नाही, जळत होते मी. बाबांचा दहा भोकांचा साधा माउथ ऑर्गन माझ्याकडे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ते तो वाजवायचे. त्यात कोमल गंधार सापडत नाही. तिथं पोचले की बाबा श्वास घेतल्यासारखं करून पुढच्या सुरावर उडी मारायचे. मीही तीच उडी शिकले. अध्यक्षांचं बटण दाबलं आणि तो सूर सहज निघाला. बाबांना जन्मभर न मिळालेला. हा माणूस तो रोज चुकीच्या जागी लावायचा.

वकीलसाहेब हसले. "अध्यक्ष, मॅडम तं तुमच्याहून झ्याक वाजवून राह्यल्या."

रुमाल त्यामुळे निघाला असं कुणी म्हणेल. रुमाल आधीच बाहेर होता.

संतोषनं चहाच्या पातेल्यात पाणी उकळवून तो त्यात बुडवला. उकळत्या पाण्यात आतलं लाकूड फुगतं आणि बटण अडकतं, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही. मला मिळणार नव्हता, तो त्यांनाही नको, एवढंच मनात होतं.

संमेलनाच्या सकाळी त्यांनी तो काढला, तर बटण अडकलेलं. निम्मे सूर मुके. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच, बसा म्हणाले.

"मॅडम, तुमच्याकडे एक आहे म्हणे, तो आणा. तुम्ही पडद्यामागून वाजवा, मी समोर हा तोंडाले लावून उभा राहतो. लोकायले काय समजते?"

"वाजवते," मी म्हणाले. "पडद्यासमोर. माझं नाव पुकारून."

"तसं कसं जमंन?"

"मंग मले बी नाही जमत."

शाळेत जपून वापरलेली माझी भाषा तिथं सुटली. बरं वाटलं.

संध्याकाळी जाहीर झालं की अध्यक्षांचा घसा बसला आहे. सभागृहानं हळहळ व्यक्त केली.

हेवा अजून आहे. असू दे. तसा बटणाचा माउथ ऑर्गन मी घेणार आहे आणि जयंतीच्या मिरवणुकीत, सगळ्यांच्या पुढे चालत, बाबांनी उडी मारलेल्या जागी थांबून तो सूर वाजवणार आहे. तोवर दहा भोकं पुरेत. पण माझा श्वास दुसऱ्याच्या तोंडी देणार नाही.