भिकाच्या पायाचा चिरा

दगडावर नावं कोरणं हा माझा धंदा आणि नको तिथं चौकशा करणं हा माझा स्वभाव. तलासरीत माझी शेड आहे. गेल्या डिसेंबरात उधव्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या तीन किलोमीटरच्या तुकड्याला ‘जखमी जवान मार्ग’ असं नाव द्यायचं ठरलं आणि शिळेचं काम माझ्याकडे आलं. डहाणू-तलासरीतल्या तीन जखमी फौजींची नावं तिच्यावर कोरायची होती. त्यातलं एक झरीच्या भिकाचं.

भिकाला मी चांगला ओळखतो. सात वर्षांपूर्वी सीमेवर गस्त घालताना सुरुंग फुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता नकली पाय लावून तो स्कूटरवरून मिरच्यांच्या गोण्या बाजारात आणतो. “नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो,” असं हसत सांगतो. मी काहीही विचारावं, त्याला राग नाही. शिळेचं कळल्यापासून तर रोज शेडमध्ये हजर. “बाजारात मला लंगडा म्हणतात. पाय कसा गेला ते नव्या पोरांना ठाऊकच नाय,” तो म्हणाला. “शिळेवर नाव असलं तर वाचतील तरी.”

दोन नावं कोरून झाली. भिकाचं खडूनं आखून ठेवलं होतं, तेवढ्यात त्याची आई हिराबाई शेडमध्ये आली. चालून चालून धापा टाकत होती. तिनं खडूच्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि नाव पुसून टाकलं.

“मेलेल्याच्या नावानं चिरा बसवतात,” ती म्हणाली. “माझा पोऱ्या जिता हाय.”

त्यांच्या पाड्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं दगड उभा करतात. त्यालाच चिरा म्हणतात. भिकाच्या बापाचा आहे, आज्याचा आहे.

भिका चिडला. “आये, ही सरकारची शिळा हाय, चिरा नाय.”

“दगड उभा करणार, त्याच्यावर तुझं नाव घालणार, फुलं वाहणार. मंग चिरा आणखी कसा असतो?”

खरं सांगतो, छिन्नी हातात घ्यायची मलाही भीती वाटायला लागली. भिका मान खाली घालून बसला. आईचं मन मोडून नाव कोरून घेणाऱ्यातला तो नव्हता. पण त्याचा चेहरा इतका उतरला की मला म्हातारीचा रागच आला. शिळेच्या अनावरणाच्या कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते.

गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून भलतंच विचारून गेलो. “भिका, त्या पायाचं पुढं काय झालं रे?”

“कोणाला ठाऊक! मी बेशुद्ध होतो. जाळला असेल दवाखान्यात.”

हिराबाईनं झटकन वर पाहिलं. सात वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, तिनंही नाही.

“म्हंजे त्याचं कोणीच काय केलं नाय? दाणा नाय, पाणी नाय?” तिचा आवाज फुटला. “तो पाय पण माझ्याच पोटातून आला ना रं!”

ती बराच वेळ रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पदरानं तोंड पुसून तिनं हुकूम सोडला, “कोर नाव. चिरा त्या पायाचा. पाय मेला, पोऱ्या जिता हाय. पण आधी आमचा भगत त्याचं सगळं करेल, मंग तुमचा साहेब.”

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. पाहुणे यायला तासभर होता. मंडपवाले खुर्च्या मांडत होते. शिळेपुढे पाड्यातली चार माणसं बसली होती. हिराबाईनं पळसाच्या पानावर भात वाढला, भगतानं ताडीची धार सोडली आणि लांब कुठंतरी राहून गेलेल्या पायाला घरी ये म्हणून हाक मारली. सगळ्या जगाला हसवणारा भिका शिळेला धरून मोठ्यानं रडला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

शिळेवर नाव असलेले एक निवृत्त हवालदार आशागडहून लवकरच आले होते. मूळचे साताऱ्याकडचे, कडक इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. इतका वेळ ते खुर्चीवर ताठ बसून हे बघत होते. त्यांनी मला खुणेनं बोलावून हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते उठले, हिराबाईजवळ गेले आणि बूट काढून खाली बसले. कोटाची एक बाही खिशात खोचलेली होती.

“आई,” ते हळूच म्हणाले, “माझ्या हाताचं पण कराल का?”

हिराबाईनं दुसरं पान पुढ्यात ओढलं, त्यावर मूठभर भात वाढला आणि विचारलं, “हाताचं नाव काय सांगू? डावा का उजवा?”

“उजवा,” हवालदार म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी पान सरळ केलं.