लोखंडाला राग येतो तेव्हा

लोखंडाला एवढा राग येतो हे मला कालच कळलं! मामाच्या बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, बसवायचं होतं. बघते तर कडं चाकापेक्षा लहान!

"काकू, हे बसणार कसं?"

"तापलं की वाढतंय," लोहारीणकाकू म्हणाल्या. "पण माप चुकलं असंल, तर निवताना चाकाचा भुगा करंल."

मामाचा चेहराच पडला. बाभळीचं ते चाक त्याने महिनाभर खपून स्वतः घडवलं होतं.

गोवऱ्यांच्या जाळातलं लालभडक कडं चाकावर पडलं आणि लाकूड पेटलंच. "ओता पाणी, चहूबाजूनं!" काकू ओरडल्या. आम्ही कळशा रिकाम्या केल्या. वाफ फुत्कारली, कडं आवळायला लागलं आणि एकेक आरा कडाडत मधल्या तुंब्यात घुसला. हातोडा कुणीच मारत नव्हतं. नुसती उष्णता निघून चालली होती, आणि जाताना एवढा जोर! मी आपली समजायचे, थंड होणं म्हणजे शांत होणं.

मग सगळं गप्प झालं. मामाने डोळे घट्ट मिटले होते.

"फुटलं?"

"हात लावून बघा की, भाऊ!"

चाक अखंड होतं. मामाने कड्यावर हात ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

"अजून राग गेला नाही गं याचा," तो हसत म्हणाला.