जबड्याखालचं पाणी

मला तेव्हा राग फार लवकर यायचा. त्यात कुणी कामात खोळंबा केला की विचारूच नका. मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी मी करकंबकडच्या एका गावात गुरांना घटसर्पाची लस टोचत होतो. सोलापुरातून बर्फाच्या पेटीत आणलेली लस ऊन चढायच्या आत संपवायची, म्हणून सकाळीच रांग लावलेली.

रांगेत एक बाई दोन म्हशी घेऊन उभी होती. नवरा गेलेला, घर चालायचं ते या म्हशींवरच. थोरली दुभती, धाकटी गाभण. थोरलीला पुढं करत ती म्हणाली, "डाक्टर, हिच्या जबड्याखाली रोज सांजच्याला पानी उतरतंय, सकाळी जातंय. काय असंल वं?"

मी हात फिरवला. सकाळच होती, हाताला सूज काही लागली नाही. "मावशी, मागं रांग किती आहे बघा की! ते नंतर बघू." दोघींना सुई टोचली आणि वर म्हणालो, "आता घटसर्पाची भीती नाही, माझा शब्द." काय माज होता मेला!

भर पावसाळ्यात घटसर्प आला. टोचलेली बरीच गुरं टिकली. तिची थोरली मात्र एका दुपारी पडली. मी पोचलो तेव्हा गळा सुजून तापला होता, श्वास घरघरत होता. शिरेतून औषध दिलं, पण दिवस मावळायच्या आत ती गेली. "लशीनंच मारली की," लोक माझ्या तोंडावर म्हणाले. माझं डोकं फिरलं. लस चांगली होती हे दाखवायचंच म्हणून मी म्हैस गावाबाहेर नेऊन फाडली.

कलेजी कापताना चाकू करकरला. आतल्या कडक झालेल्या नळ्यांतून चपटे किडे बाहेर आले, लहान पानांसारखे. ओढ्याकाठच्या दलदलीतल्या गोगलगायींतून हे गवतावर येतात. दुष्काळात हिरवं तेवढंच उरलं होतं, आणि तिच्या म्हशी तिथंच चरायच्या. जबड्याखाली पाणी उतरतं ते यांच्यामुळंच. हे किडे आपला जीव वाचवायला जनावराच्या अंगातली लढायची ताकद दाबून ठेवतात, मग लशीनं जी ताकद यायची तीही नीट येत नाही. थोरलीचं तसंच झालं असं आजही शपथेवर सांगता येणार नाही. पण असलं जनावर आधी बरं करायचं आणि मग टोचायचं, एवढं तर मी शिकलो होतो. बाईनं अख्खा रोग एका वाक्यात सांगितला होता आणि मी तिला गप्प केलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

धाकटीही त्याच दलदलीत चरलेली. मी गेलो तर बाई गोठ्याच्या दारात आडवी उभी. "हिला हात लावायचा न्हाय."

"मावशी, चुकलो. त्या दिवशी तुम्ही बरोबर सांगत होता, मी ऐकलं नाही." गाव ऐकत होतं. "हिच्याही पोटात किडे असणार. औषध गाभण जनावराला जड जाऊ शकतं. पण नाही दिलं तर घटसर्प हिलाही गाठेल."

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग बाजूला झाली.

बांबूच्या नळीनं औषध पाजलं. म्हशीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. मी रोज दोनदा सायकल मारत जायचो, गळा चाचपायचो. गरम लागेल याचीच भीती. शेजारच्या आळीत आणखी एक बैल गेला. धाकटी हळूहळू रवंथ करू लागली, तेव्हा पुन्हा लस टोचली.

साथ ओसरली, धाकटी वाचली. मला इतका आनंद झाला की दारातूनच ओरडलो, "मावशी, जिंकलो की आपण!"

ती शेण भरत होती. मान वर न करता म्हणाली, "ही तुमी वाचवली, व्हय. थोरली बी तुमीच मारली."

मी "व्हय" म्हणालो आणि सायकल काढली.