बाईंचा उजवा पाय

बाईंचा चेहरा कसा होता असं कुणी विचारलं, तर मला जरा आठवावं लागतं. पाय मात्र डोळे मिटले की दिसतात. पेटीवाल्याचं हे असंच असतं. कीर्तनकार लोकांकडे तोंड करून उभा आणि आपण मागे मांडी घालून बसलेलो. दोन-अडीच तास आपल्या वाट्याला येते ती नऊवारीची किनार आणि तिच्याखालची पावलं. बाईंची पावलं रुंद, टाचांना भेगा पडलेली होती आणि ती माझ्याशी बोलत. उजवी टाच उचलली की समजावं, निरूपण संपत आलं, पदाचा सूर धरा. चवडा आपटला की लय वाढवा. अंगठा वर झाला की पुरे, पेटी फार बोलते आहे. हा अंगठा माझ्यासाठी बऱ्याचदा वर व्हायचा.

डोंबिवलीत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. शाळेतल्या बाई वेगळ्या आणि कीर्तनाच्या बाई वेगळ्या, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळायचं. डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनापासून चार पावलं गेलं की भातखाचरं लागत आणि बाईंच्या दोन खोल्या त्या खाचरांच्या कडेलाच होत्या. त्यांचे वडील रत्नागिरीकडचे नावाजलेले कीर्तनकार. मुलगा नाही म्हणून त्यांनी लेकीला शिकवलं, आणि गावाने नावं ठेवली तेव्हा तिला शेजारच्या गावात नेऊन उभं केलं. लग्न झालं ते तबला वाजवणाऱ्या तात्यांशी. तात्या मुळात मितभाषी, आणि बाईंशी लग्न झाल्यावर बोलायची फारशी गरजच उरली नाही, असं ते स्वतःच सांगत.

बाईंची एक सवय होती. कुणी काहीही सांगितलं की त्या म्हणत, "बरं, पुढे?" मुलगा नापास झाला, सासू घालून पाडून बोलली, वखारीतली माझी नोकरी जायची वेळ आली, सगळ्याला एकच उत्तर. नवख्या माणसाला ते कोरडं वाटायचं. पण त्या थांबून खरंच पुढचं ऐकत, आणि सांगणाऱ्याच्या लक्षात यायचं की पुढे काय करायचं याचा आपण विचारच केलेला नाही.

सन पन्नासच्या सुमाराची गोष्ट. श्रावणात शीळफाट्याच्या अलीकडे एका गावात सप्ताह होता. कीर्तन झालं, मुक्काम झाला आणि सकाळी आम्ही बांधावरून गाडीरस्त्याकडे निघालो. बाई नेहमीप्रमाणे पुढे. बांधाच्या दगडांत त्यांचा उजवा पाय अडकला आणि अंग मात्र पुढे गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी मागून स्पष्ट ऐकला. खाचरात लावणीची दुरुस्ती करणारा एक शेतकरी धावत आला आणि म्हणाला, "बाय, पाय हलवू नको गो." बाई चिखलात बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तात्यांना विचारलं, "अहो, तबला ओला नाही ना झाला?"

मग जे सगळे करत तेच आम्ही केलं. शहाडकडे एक हाडवैद्य होता. त्याने चालते केलेले लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून बाईंना बैलगाडीत घालून तिकडे नेलं. त्याने पाय ओढला, लेप लावला, बांबूच्या कांब्या बांधल्या. दसऱ्याला पट्टी सोडली तेव्हा दुखणं थांबलं होतं, पण पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पाय मला सोडून दुसरीकडेच निघालाय." त्याच आठवड्यात मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घोटा उघडावा लागेल, वाकडं जुळलेलं हाड पुन्हा मोडून सरळ करावं लागेल आणि आत स्क्रू घालावे लागतील. स्क्रू गंजतो का, एवढंच बाईंनी विचारलं.

ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर झालं. भूल उतरताना बाईंनी वॉर्डात निरूपण सुरू केलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने हात जोडले, असं नर्सने आम्हाला हसत हसत सांगितलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं की प्लास्टर निघाल्यावर चालता येईल, घरातलं कामही करता येईल, फक्त एका जागी फार वेळ उभं राहायचं आता विसरा. बाई म्हणाल्या, "बरं, पुढे?" पुढे काही नव्हतं. मग बाईंनी विचारलं, फार वेळ म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, अर्धा तास म्हणा. बाई म्हणाल्या, "नमनाला घडाभर तेल, ही म्हण लोकांनी आमच्यावरूनच केली आहे, डॉक्टर. अर्ध्या तासात आमचं नमन होतं."

हे हसण्यावारी गेलं, पण त्यात बाईंचं सगळं काही अडकलेलं होतं. कीर्तन उभ्यानेच करतात. बसून सांगतात ते प्रवचन. दोन्ही देवाच्याच गोष्टी, दोन्हीला माणसं येतात, पण उभं राहणाऱ्याची गोष्ट अंगातून येते, तो एका क्षणी राजा होतो आणि दुसऱ्या क्षणी भिकारी. बाईंना प्रवचन करता आलं नसतं असं नाही. तात्यांनी एकदा धीर करून म्हटलंही, "बसून सांगितलंस तर देव काय रागावणार आहे?" बाई म्हणाल्या, "देव नाही रागावणार. मी रागावेन. आणि तुम्हाला राहायचंय माझ्याबरोबर, देवाला नाही." तात्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

संक्रांतीला प्लास्टर निघालं. आतला पाय बघून मला गलबलून आलं. पोटरी निम्मी झाली होती, कातडी सुरकुतली होती आणि घोट्याच्या बाजूने लांब व्रण होता. बायका तिळगूळ घेऊन येत, पायाकडे बघून चुकचुकत. बाई त्यांना म्हणत, चुकचुकायचं असेल तर घरी जाऊन करा, इथे आलात तर चिंचोके वेचायला बसा. चिंचोके हा त्यांचा व्यायाम होता. जमिनीवर पसरायचे आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे. सुरुवातीला एक चिंचोका उचलताना कपाळावर घाम यायचा. वाटी भरली की त्या ती पुन्हा जमिनीवर उपडी करत.

तेवढ्यात कल्याणच्या राममंदिराचे वकीलसाहेब आले. ते देवळाचे पंच, मनाने अतिशय चांगले. रामनवमीचं जन्माचं कीर्तन कित्येक वर्षं बाईंकडेच होतं. त्यांनी चहा घेतला, पायाची चौकशी केली आणि संकोचत म्हणाले की यंदा काय करायचं ते होळीपर्यंत कळलं तर बरं. ठाण्याचे एक बुवा यायला तयार आहेत. मग स्वतःच घाईने म्हणाले, "पण बाई, आमची इच्छा आपणच यावं अशी आहे. आम्ही चौरंग करून घेतो, वर गादी घालतो. आपण बसून सांगा, कुणी काही म्हणणार नाही." बाईंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं, एका हाताने भिंत धरून. म्हणाल्या, "मी उभी राहू शकले नाही तर बुवांना बोलवा, आणि मीही ऐकायला येईन. पण चौरंगावर बसायला मी येणार नाही." ते गेल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. एक जागा गेली की बाकीच्या जातात, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. उभं राहता येत नसलेल्या कीर्तनकाराला माणसं मान देतात, पण बोलावत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तालीम. रोज संध्याकाळी मी वखारीतून परस्पर त्यांच्याकडे जायचो. घरातलं घड्याळ बाईंनी उलटं करून ठेवलं होतं. त्या वेळ मोजत नव्हत्या, कीर्तन मोजत होत्या. आज नमनाच्या अखेरीपर्यंत पाय टिकला. आज मूळ पद झालं. आज पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, निम्म्यावर आला, मग सोडला. शेजारपाजारचे विचारत, बाई कशा आहेत? तात्या सांगत, "पूर्वरंगात आहे." होळीला पूर्वरंग पुरा झाला. आख्यान मात्र बाकी होतं आणि जन्माच्या कीर्तनात आख्यानच मोठं. तरी बाईंनी वकीलसाहेबांना होकार कळवला.

या तालमींत घोटाळा माझा व्हायचा. उजवा पाय आता खुणा करत नव्हता, म्हणून बाईंनी त्या डाव्या पायाकडे दिल्या होत्या. पण माझी नजर उजव्यावरच. तो थरथरायला लागला की माझी बोटं अडखळत, लय आपोआप धीमी होई. एके दिवशी बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पायाकडे बघता आणि पेटी रडायला लागते. मी रडत नाही आहे." मी शरमलो. पण नजर काही हटत नव्हती.

रामनवमीला आम्ही वेळेआधी कल्याणला पोचलो. देऊळ भरलं होतं. वकीलसाहेबांनी चौरंग आणून ठेवलाच होता, नवाकोरा, गादीसकट. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, लागलाच तर असावा, एवढंच. बाईंनी काठी तात्यांच्या हातात दिली, चौरंगाकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "छान झालाय. भाऊजी, पेटी यावर ठेवा." गादी काढली, पेटी वर ठेवली आणि मी तिच्यामागे बसलो. आता मला पेटीपलीकडे बाईंचा पदर तेवढा दिसत होता. पाय दिसत नव्हते, ना डावा ना उजवा. हे त्यांनी मुद्दाम केलं, हे समजायला मला नमन संपेपर्यंतचा वेळ लागला.

पूर्वरंग पार पडला. मध्यंतरात हार घातला, बुक्का लावला आणि रीतीप्रमाणे माणसं पाया पडायला पुढे आली. कीर्तनकाराच्या पाया पडताना लोक हात राखून पडत नाहीत. एका आजीबाईंनी तर, तात्यांनी नंतर सांगितलं, कपाळ नेमकं त्या घोट्यावरच टेकवलं आणि बराच वेळ टेकवून ठेवलं. मला नुसता बाईंचा हात दिसला. आजीबाई उठताना तो त्यांच्या डोक्यावर आला, आणि बाईंनी सगळा भार त्या हातावर घेतला. त्यानंतर जो जो वाकला त्याच्या डोक्यावर तो हात पडत गेला. त्या दिवशी कल्याणच्या बऱ्याच लोकांना बाईंचा आशीर्वाद जरा जड मिळाला.

आख्यानात मात्र पाय सुटायला लागला. मला दिसत नव्हतं, पण आवाजात कळलं. एका जागी उभं राहणं अशक्य झालं तेव्हा बाई चालायला लागल्या. याआधी त्या कधी जागा सोडत नसत. आता त्या डावा पाय ठामपणे टाकत आणि उजवा त्याच्यामागे अलगद ओढून आणत, पुन्हा डावा, पुन्हा ओढ. फरशीवर एक ठोका आणि एक घसट. मी आयुष्यात पहिल्यांदा कानांनी त्यांचा पाय ऐकत वाजवत होतो. तात्यांनी मान न हलवता तबल्यावर तोच ठेका धरला. गोष्ट त्या पावलांवर चालायला लागली, आणि लोकांना वाटलं की बाईंनी यंदा काही नवीन बसवलं आहे. भर दुपारी जन्म झाला. गुलाल उडाला, बायका पाळण्याची दोरी धरायला पुढे झाल्या आणि बाईंनी पाळणा म्हटला, उभ्याने, शेवटच्या कडव्यापर्यंत.

मागच्या खोलीत गेल्यावर त्या कोसळल्यासारख्या बसल्या. घोटा सुजून टम्म झाला होता. वकीलसाहेब स्वतः घंगाळात गार पाणी घेऊन आले. पाय पाण्यात सोडताना तात्यांच्या तोंडून नकळत कण्हणं निघालं. बाई म्हणाल्या, "दुखू दे. इतके दिवस तो परक्याचा वाटत होता. आज घरचा वाटतोय."

पुढे किती वर्षं त्या उभ्या राहिल्या! ठाण्यापासून बदलापूरपर्यंत त्यांची कीर्तनं झाली. मुली शिकायला येऊ लागल्या. दुखणं कधी पुरतं गेलं नाही. आख्यान आलं की त्या चालायला लागत, एक ठोका, एक घसट. तात्या आधी गेले. मग एका पौषात बाई साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मी पेटी वर ठेवून दिली. दुसऱ्या कुणाच्या मागे बसायला मन झालं नाही, ते आजपर्यंत.

मध्यंतरी ठाण्याला नातीच्या घरी गेलो होतो. जवळच्या देवळात एका तरुण मुलीचं कीर्तन होतं, म्हणून ऐकायला गेलो आणि सवयीने बाजूला, पाय दिसतील असा बसलो. मुलगी चांगली धट्टीकट्टी. पूर्वरंग झाला, आख्यान लागलं आणि ती चालू लागली. डावं पाऊल टाकलं, उजवं मागून ओढत आणलं. कीर्तन संपल्यावर मी तिला गाठलं आणि विचारलं, "बाळ, पायाला काही झालंय का?" ती हसली. "नाही हो आजोबा. आख्यानाची ही आमच्या घराण्याची चाल आहे. माझ्या गुरूंना त्यांच्या बाईंनी शिकवली."

मला तिला बांध सांगायचा होता, हाडवैद्य, स्क्रू, चिंचोके, सगळं सांगायचं होतं. डोळे भरून आले होते, ती जरा गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सुरेख करतेस," मी म्हटलं. "फक्त डावा पाय आधी नीट रोव, मग उजवा आण. तू उजव्यावर भार टाकतेस. बाई तिथे भार टाकत नसत."